दोन्ही टोके आमच्या हातात राहू द्या : सप्ताह समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त आणि सर्व सभासद,
अखंड हरिनाम सप्ताह समिती.

राम कृष्ण हरी.

फाल्गुनातल्या बैठकीत आपण घेतलेला निर्णय मला देवळाच्या फळ्यावर लावलेल्या पत्रिकेतून कळला. यंदाच्या चैत्री सप्ताहातून दुपारी तीन ते चार हा शंकासमाधानाचा तास काढून टाकला आहे. त्या जागी अन्नदात्यांचा व देणगीदारांचा सत्कार ठेवला आहे. कीर्तनकार मंडळींनी कूट अभंग, म्हणजे कोड्यासारखे उलटे बोलणारे अभंग, आणि वादाचे विषय टाळावेत, सोपे चरण घ्यावेत, असेही त्यांना कळवले आहे. कारण एका ओळीत दिले आहे : ‘संतवचनांत विरोध दाखवल्याने भाविकांची श्रद्धा डळमळते.’

हा निर्णय मला मान्य नाही. बैठकीला बायकांना बोलावले जात नाही, त्यामुळे तिथे येऊन बोलण्याची सोय नव्हती, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. गावाचे नाव मी लिहिलेले नाही. औसा तालुक्यातल्या आणि आसपासच्या आणखी काही गावांतही हेच होत असल्याचे माझ्या माजी विद्यार्थिनींकडून ऐकते, तेव्हा ज्या समितीला हे पत्र आपल्यालाच लिहिले आहे असे वाटेल, तिने ते आपलेच समजावे.

मी या गावची लेक. जिल्हा परिषदेच्या प्रशालेत मराठी शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि गावी परत आले. माझे वडील आपल्या सप्ताहाचे व्यासपीठ चालवत. पहाटेचा काकडा, सकाळचे पारायण, संध्याकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन हे सगळे त्यांच्या देखरेखीखाली होई, पण त्यांचा जीव अडकलेला असे तो दुपारच्या तासात. लिंबाच्या पारावर घोंगडी अंथरून ते बसत आणि ज्याला जे विचारायचे ते त्याने विचारावे, असा तिथला रिवाज होता. त्यांची ज्ञानेश्वरीची पोथी आज माझ्याकडे आहे. तांबड्या कापडात बांधलेली ती पोथी उघडली की चौथ्या अध्यायाची पाने इतर पानांपेक्षा मळलेली दिसतात. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म जो पाहतो तो बुद्धिमान, या गीतेच्या श्लोकावरच्या ओव्यांपाशी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले आहे. त्याच्याखाली वेगळ्या शाईत दुसरे आहे, आणि त्याच्याही खाली थरथरत्या हाताचे तिसरे. ही प्रश्नचिन्हे एका दिवसात काढलेली नाहीत. चाळीस वर्षे ते त्या ओव्यांपाशी परत परत थांबत होते, आणि याच काळात त्यांचा एकही दिवस हरिपाठाशिवाय गेला नाही. विरोध दिसल्याने श्रद्धा डळमळते हे आपले म्हणणे वाचले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी हे पान आले.

त्या तासाचे मोल मला कळले ते १९९४ च्या चैत्रात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी आपली घरे होती, त्यामुळे झोपेतल्या माणसांवर छत आणि भिंती एकदमच आल्या. आपल्या गावात भिंतींना भेगा गेल्या, पण माणसे वाचली. माझ्या मावशीच्या गावात तसे झाले नाही. मावशी, तिची सून आणि दोन नाती त्या पहाटे गेल्या. पुढच्या चैत्रात सप्ताह घ्यावा की नाही यावर गावात दोन मते होती, तरी तो झाला, आणि मावशीचे यजमान पत्र्याच्या शेडमधून उठून आमच्याकडे आले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पारापाशी उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, “ज्याला रातीला वाजतगाजत बोळवला, त्याला पहाटं काय दिसलं न्हाई का?”

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला ठाऊक नाही. पण तुम्ही विचारलं ते बरं केलं. उद्या परत या.” त्यानंतर त्यांनी ‘तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे’ हा ज्ञानेश्वर माउलींचा अभंग पहिल्या चरणापासून शेवटच्या चरणापर्यंत म्हटला आणि त्यावर काहीही निरूपण केले नाही. काका दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. शेवटच्या रात्री त्यांनी, सप्ताहभर खाली न ठेवता आळीपाळीने धरतात ती वीणा मागितली आणि पहाटेपर्यंत पहारा केला. त्यांना उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही. त्यांना प्रश्न घेऊन बसायला जागा मिळाली, आणि तीही देवळाच्या आवारातच.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आपल्यापैकी बरेच जण तिथे होते. आपल्याच एका वस्तीवरची एक तरुण बाई उठून उभी राहिली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली असताना तिचे दोन वर्षांचे लेकरू फडावरच तापाने गेले होते. तिने प्रवचनकारांना विचारले, “माउली, तुम्ही सोमवारी सांगितलं की देवाच्या मर्जीबिगर झाडाचं पान हालत न्हाई. काल सांगितलं की ज्याचं कर्म त्याला. माझं लेकरू दोन वर्साचं व्हतं. त्याचं कर्म कोणतं व्हतं?” प्रवचनकार तरुण होते. त्यांनी हात जोडले आणि बोलण्यासाठी तोंड उघडले, तोच समितीच्या एका सभासदांनी त्या बाईच्या हातातला माईक काढून घेतला आणि वेळ संपल्याचे जाहीर केले. तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. ती बाई खाली बसली, डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढून घेतला आणि उरलेले चार दिवस ती देवळात आली नाही.

हा तास यंदा बंद होण्याचे खरे कारण ती दुपार आहे, असे मला वाटते. माझे वाटणे चुकीचे असेल तर आपण तसे लेखी सांगावे, मी ते मान्य करीन.

आपल्या कारणाविषयी माझे म्हणणे असे आहे. संतवचनांत विरोध कोणी बाहेरून आणून दाखवत नाही, तो संतांनी स्वतःच, जाणूनबुजून तिथे ठेवलेला आहे. ही परंपरा मराठीच्याही आधीची आहे. ते हलते आणि ते हलत नाही, ते दूर आहे आणि ते जवळ आहे, असे ईशावास्योपनिषद सांगते. ज्याला वाटते आपण जाणले त्याने जाणले नाही, असे केनोपनिषद म्हणते. आपल्या भागात लिंगायत समाजाची वस्ती मोठी आहे. त्यांच्या घरांत बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांचे वचन आजही सांगितले जाते की जे स्थावर ते नष्ट होते, जे जंगम त्याला नाश नाही. १९९३ साली घरांबरोबर देवळेही पडली, तेव्हा या वचनाचा अर्थ आम्हांला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

माउलींनी १२९० साली, म्हणजे शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. वडिलांची तीन प्रश्नचिन्हे जिथे आहेत तिथे त्यांनी दोन दृष्टांत दिले आहेत. नावेत बसलेल्याला काठावरची झाडे पळताना दिसतात, पण नीट पाहिल्यावर झाडे जागच्या जागीच असतात. उदय आणि अस्त यांमुळे सूर्य चालतो असे दिसते, ते ‘न चलतां सूर्याचें चालणें’ आहे, आणि कर्मात असूनही कर्म न लागणे हे तसेच जाणावे. माणसाची पाहण्याची जागा बदलली की तेच दृश्य उलटे होते, हे त्यांनी शेतकऱ्याला आणि नावाड्याला कळेल अशा भाषेत सांगितले. जे सांगायचे ते सरळ शब्दांत मावत नाही, म्हणून त्यांनी विरोधाची वाट धरली. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना विरोधाभास हा अलंकार शिकवत असे, पण नुसता अलंकार म्हणून तो शिकवताना माझे कधी समाधान झाले नाही.

कूट अभंग मुलांना आणि अडाणी माणसांना कळत नाहीत, असे आपल्यातले काही जण म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. मुक्ताबाईंचा ‘मुंगी उडाली आकाशी, तिणे गिळिले सूर्यासी’ हा अभंग वडिलांनी एकदा पारावर घेतला, तेव्हा पाचवीतल्या एका पोराने विचारले की मुंगी भाजली कशी नाही. वडिलांनी त्याला जवळ घेतले, पोराच्या डोळ्यातल्या बाहुलीकडे बोट केले आणि म्हणाले, “ही बघ, मुंगीएवढीच आहे. हिच्यात सूर्य मावतो का नाही?” तो पोरगा आता पन्नाशीला टेकला आहे. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा त्याने मला हा प्रसंग पुन्हा सांगितला, आणि सांगताना त्याचे बोट नकळत डोळ्याकडे गेले. त्या पोराला जे चाळीस वर्षे पुरले, ते यंदाच्या पोरांना मिळू नये असे आपण ठरवले आहे, याचे मला फार वाईट वाटते.

आणि आपली माती तर या गोष्टींसाठीच ओळखली जाते. तेरला गोरोबाकाकांनी कुंभाराचे थापटणे घेऊन जमलेल्या संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली, ती कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. ज्याच्याशी पांडुरंग बोलतो, ज्याच्या हातचे खातो, ते नामदेवच कच्चे निघाले. रुसलेले नामदेव मग औंढ्या नागनाथाला गेले. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी हटकले. विसोबांनी त्यांना हाकलून दिले नाही, ते म्हणाले की जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून नेतील तिथे पिंडी उभी राहू लागली. डोळ्यांना जी विटंबना दिसत होती तिच्यातूनच त्यांना देव सर्वत्र असल्याचे कळले, आणि ते कळले ते हटकल्यामुळे, विचारल्यामुळे. गंगाखेडच्या जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवतात आणि त्यांच्या जात्याला देव हात लावतो. मग यात दासी कोण आणि धनी कोण, हा प्रश्न त्या अभंगात आहेच. तो प्रश्न काढून घेतला तर जात्याची घरघर उरेल, जनाबाई उरणार नाहीत.

माझी मुख्य तक्रार मात्र याहून वेगळी आहे, आणि ती मला सविस्तर मांडायची आहे.

तुकोबांचे दोन चरण आपल्या प्रत्येकाला पाठ आहेत. एक, ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें, चित्तीं असों द्यावें समाधान.’ दुसरा, ‘असाध्य तें साध्य करितां सायास, कारण अभ्यास तुका म्हणे.’ एकाच माणसाची ही दोन वचने आहेत. वरवर पाहिले तर एक दुसऱ्याला खोडते, आणि तुकोबांनी दोन्ही सांभाळली. जगणाऱ्या माणसाला दोन्ही लागतात. पेरणी करताना दुसरे लागते आणि पाऊस हातात नाही हे कळल्यावर पहिले लागते. ज्याच्याकडे फक्त पहिले आहे तो हात गाळून बसतो, आणि ज्याच्याकडे फक्त दुसरे आहे तो सोयाबीन जळाल्यावर स्वतःला अपराधी मानून झिजत जातो. मराठवाड्यात शेतकऱ्याने स्वतःचा जीव घेतल्याच्या बातम्या आपण किती वर्षे वाचत आहोत, हे मी आपणांस सांगायला नको. अशा ठिकाणी तुकोबांचा अर्धा भाग सांगून थांबणे ही जोखमीची गोष्ट आहे.

आणि गेली काही वर्षे मी नेमके हेच पाहत आहे. स्पर्धा परीक्षेत पास झालेल्या मुलांच्या सत्कारात ‘असाध्य तें साध्य’ म्हटले जाते. कर्जबाजारी माणसाच्या दाराशी सांत्वनाला गेल्यावर, सासरी छळ सोसणाऱ्या मुलीला परत धाडताना, रोजगार हमीच्या मजुरीसाठी तहसीलला खेटे घालणाऱ्या बायांना गप्प करताना मात्र ‘ठेविलें अनंतें’ निघते. माझ्या वर्गातल्या एका मुलीला दहावीनंतर शिकायचे होते, तेव्हा तिच्या चुलत्यांनी माझ्या देखत तिला हाच चरण ऐकवला, आणि त्याच घरातल्या मुलाला त्याच महिन्यात लातूरला शिकवणीसाठी ठेवले होते. चरण खोटा नव्हता. तो कोणासाठी काढायचा आणि कोणासाठी नाही, हे ज्याच्या हातात सत्ता आहे तो ठरवत होता. दुपारच्या त्या तासात कोणीतरी उठून विचारू शकत असे की महाराज, काल तर आपण उलटे सांगितले होते. तो तास गेला की दुसरा अर्धा भाग मागायला जागाच उरत नाही. मला भीती आहे ती याची.

संतांनी ठेवलेला विरोध वेगळा आणि आपल्या वागण्यातली विसंगती वेगळी, हेही मला स्पष्ट म्हणायचे आहे, कारण दोन्हींची सरमिसळ करून दुसरी झाकली जाते. ‘उंच निंच कांहीं नेणे भगवंत’ असे कीर्तनात म्हणायचे आणि वीणेच्या पहाऱ्याच्या यादीत दोन वस्त्यांतले एकही नाव घ्यायचे नाही, यात गूढ असे काही नाही. यादी बदलली की ती विसंगती संपते. ‘पुण्याची गणना कोण करी’ असे संध्याकाळी हरिपाठात सगळ्यांनी मिळून म्हणायचे आणि दुपारी कोणी पाचशे एक दिले, कोणी अकराशे दिले, हे माईकवरून तासभर वाचायचे, हेही तसेच आहे. देणगीदारांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांच्याशिवाय मांडव उभा राहत नाही. पण ज्यांच्या घरून महाप्रसादाला नुसत्या भाकरी येतात, त्यांचे नाव माईकवरून कधी घेतले गेल्याचे मला आठवत नाही.

आपली एक अडचण मी समजू शकते. अलीकडे मोबाइलवर काहीबाही पाहून काही तरुण वाद घालायलाच येतात, आवाज चढतात, आणि बाहेरगावाहून आलेल्या महाराजांचा अवमान होईल असे आपल्याला वाटते. हे दोनदा घडले आहे, मी पाहिले आहे. त्यावर शिस्त लावावी, एका माणसाला एकच प्रश्न द्यावा, उर्मटपणा करणाऱ्याला खाली बसवावे. माझे वडील तसेच करत. त्यासाठी तास बंद करावा लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. शंकासमाधानाचा तास यंदाच्या सप्ताहात सातही दिवस पूर्वीच्याच वेळी आणि पूर्वीच्याच जागी ठेवावा. कीर्तनकारांना पाठवलेली सूचना मागे घ्यावी. कोणता अभंग घ्यायचा हे त्यांच्या अभ्यासावर सोपवावे. ज्यांना उभे राहून बोलता येत नाही, विशेषतः बायकांना, त्यांच्यासाठी देवळात एक पेटी ठेवावी, तीत नाव न लिहिता चिठ्ठी टाकता यावी आणि ती चिठ्ठी जशीच्या तशी वाचली जावी. देणगीदारांची नावे मांडवात मोठ्या फलकावर लिहावीत, म्हणजे त्यांचा मान राहील आणि तासही राहील. वीणेचा पहारा सगळ्या वस्त्यांना खुला असल्याची दवंडी द्यावी. शेवटची मागणी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. गेल्या वर्षी जिच्या हातातून माईक घेतला, तिच्या घरी अध्यक्षांनी स्वतः जाऊन तिला सप्ताहाचे निमंत्रण द्यावे. तिच्या प्रश्नाचे उत्तर आपण देऊ शकणार नाही, मीही देऊ शकणार नाही. ‘तुझा प्रश्न राहिला होता’ एवढे तिला सांगता येईल.

गुढीपाडव्याला आठ दिवस आहेत, तोपर्यंत आपले उत्तर देवळाच्या फळ्यावर लावावे अशी विनंती आहे. आपण तास पूर्ववत केलात तर घोंगडी अंथरण्यापासून पाणी भरण्यापर्यंतचे सगळे काम मी आणि माझ्या विद्यार्थिनी करू. तसे झाले नाही, तरी सप्ताहाच्या पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता मी वडिलांची पोथी घेऊन लिंबाच्या पारावर येऊन बसेन. सत्काराच्या कार्यक्रमात माझ्यामुळे अडथळा येणार नाही, माझ्याकडे माईक असणार नाही. चौथा अध्याय काढून ठेवते आहे.

आपली,
गावची लेक,
निवृत्त मराठी शिक्षिका